कुत्रे माणसायले

पुण्याकडचा साहेब बदली होऊन वऱ्हाडात आला की पहिला महिना तो उन्हाला घाबरतो आणि दुसऱ्या महिन्यापासून आमच्या बोलीला. आमचे नवे साहेब दोन्हींना एकदमच घाबरले, कारण ते ऐन मे महिन्यात अमरावतीला आले आणि घर त्यांनी आमच्याच गल्लीत घेतलं. सामान लावून संध्याकाळी ते पहिल्यांदा फाटकाबाहेर पडले, तो समोर लाल्या आणि त्याची मंडळी आडवी पसरलेली. साहेब दोन पावलं मागे, फाटकाच्या आत.

समोरच्या काकांनी ओट्यावरून धीर दिला, "या साहेब, बिनधास्त या. हे कुत्रे माणसायले."

साहेब वाक्य पूर्ण होण्याची वाट पाहत उभे राहिले. काकांचं वाक्य पूर्ण झालेलं होतं. त्यांनी तंबाखू मळायला घेतली.

"माणसायले काय?" साहेबांनी विचारलं.

"माणसायले म्हंजे माणसायले!"

"अहो, पण माणसांना काय करतात? भुंकतात? चावतात?"

"कायले चावतीन बाप्पा? माणसायले ना थे!"

आता यात काकांचा काही दोष नाही. वऱ्हाडी जिभेला 'ळ' पहिल्यापासून मानवत नाही. काळा तो काया, डोळा तो डोया, पोळा तो पोया. त्या हिशेबानं कुत्रे 'माणसाळले' की 'माणसायले' होतात. आणि 'माणसांना' या शब्दाचंही आमच्याकडे 'माणसायले'च होतं. तेव्हा जनावर अंगावर येतं की अंगाशी येतं, हे ऐकणाऱ्यानं आपल्या जबाबदारीवर ठरवायचं. आम्ही ते बिनचूक ठरवतो, कारण आम्ही वाक्य ऐकत नाही, कुत्र्याच्या शेपटीकडे बघतो. गंमत अशी की मराठीतला आद्य गद्यग्रंथ म्हणजे 'लीळाचरित्र', त्याच्या नावातच ळ बसलेला, आणि म्हाइंभटानं तो ज्या रिद्धपुरात लिहिला ते रिद्धपूर आमच्याच अमरावती जिल्ह्यात. त्याला साडेसातशे वर्षं होत आली. आता तिथं मराठी भाषा विद्यापीठही निघालं. ळ अजून जिल्ह्यात रुजायचा आहे.

साहेब अर्ध्या विश्वासानं बाहेर आले. लाल्या उठला, आळस दिला, साहेबांचा हात चाटला आणि मग पोटरी धरली. एका कुत्र्यानं एका मिनिटात एका शब्दाचे दोन्ही अर्थ करून दाखवले. एवढं चोख काम आमच्या शाळेतल्या मराठीच्या मास्तरांनाही कधी जमलं नव्हतं.

"पोटात चौदा घ्या लागतीन," काकांनी जागेवरूनच निदान केलं. काकांची माहिती त्यांच्या लहानपणीची आहे. आता इंजेक्शन दंडात देतात. पहिल्या दिवसाला शून्य धरून पुढं तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. पण काका प्रत्येक खेपेला दवाखान्यातून परतणाऱ्या साहेबांचं पोट सहानुभूतीनं बघायचे.

साहेब वाचणारे आहेत. दुसऱ्या इंजेक्शनपर्यंत त्यांनी या क्रियापदाचा छडा लावायचं मनावर घेतलं होतं. 1831 सालच्या मोल्सवर्थपासून दात्यांच्या शब्दकोशापर्यंत सगळं त्यांनी मोबाइलवर चाळलं आणि दुपारच्या चहाला मला म्हणाले, "माणसाळणं म्हणजे माणसाची सवय लागणं, भीड चेपणं. यात चावू नये असं कुठेही लिहिलेलं नाही."

मी म्हटलं, "साहेब, त्या क्रियापदाचे सोयरे बघा ना. कंटाळणे, रेंगाळणे, ओशाळणे, घोटाळणे, ठेचाळणे. या घराण्यात कोणी धड निघालंय का? माणसाळलेलं जनावर आधी कंटाळतं, मग रेंगाळतं, पकडलं गेलं की ओशाळतं. चावणं हा मधला टप्पा."

हे मी तोंडाला आलं म्हणून बोललो होतो. पण लाल्याकडे त्या नजरेनं पाहायला लागलो आणि माझी खात्री पटत गेली. लाल्याला आम्ही भाकरी घातली, पाणी ठेवलं, शेजारच्या वहिनींनी राखीसुद्धा बांधली. त्या बदल्यात त्यानं इमानदारी, पहारा वगैरे पुस्तकात दिलेले गुण शिकायला हवे होते. त्यानं पाहिलं की या गल्लीतले मोठे प्राणी दुपारी एक ते पाच झोपतात. तोही स्कूटरखाली झोपतो. त्यानं पाहिलं की संध्याकाळी सगळे पानठेल्यावर जातात आणि काहीही न घेता तासभर उभे राहतात, तोही जातो. भंगारवाल्यावर, टोपलीवालीवर आणि पोस्टमनवर तो जीव तोडून भुंकतो. पांढऱ्या मोठ्या गाडीतून कडक इस्त्रीचा कुर्ता उतरला, की हाच लाल्या कान पाडून, अंग चोरून, टायरापर्यंत सोडायला जातो. हे त्याला कुणी शिकवलं नाही. तो फक्त ओट्यावर बसून बघत होता.

साहेबांना यावरही शास्त्र ठाऊक होतं. रशियात नोव्होसिबिर्स्कजवळ 1959 साली दिमित्री बेल्यायेव नावाच्या शास्त्रज्ञानं कोल्ह्यांवर प्रयोग सुरू केला. दर पिढीतले माणसाला सर्वांत कमी बिचकणारे कोल्हे निवडायचे आणि त्यांचीच पुढं पैदास करायची, एवढंच. थोड्याच पिढ्यांत ते कोल्हे माणूस दिसला की शेपूट हलवायला लागले, हात चाटायला लागले. पुढं काहींचे कान लोंबले, शेपट्या वळल्या. निवडलं होतं ते फक्त वागणं. कान फुकट पडले.

हे मी काकांना सांगितलं. काका म्हणाले, "कान पाडून शेपूट हालवनारे तुमच्या हापिसातच पाहून घ्या ना. त्याच्यासाठी रशियाले कायले जा लागते?"

मी साहेबांना हे सांगितलं नाही. म्हणजे माझेही कान थोडे पडलेलेच असावेत.

माणसाळणं वेगळं आणि पाळीव होणं वेगळं, हा साहेबांचा पुढचा मुद्दा मात्र मला पटला. माणसाळतो तो एकटा प्राणी; पाळीव होतं ते आख्खं खानदान. अकबरानं शिकारीसाठी चित्ते बाळगले होते, शेकड्यांनी. चित्ते माणसाळले, पट्ट्यात चालले, डोळ्यांवर टोपडं घालून गाडीत बसून शिकारीला गेले; पण पिल्लं म्हणाल तर एकदाच झाली, आणि त्याचं जहांगीरला इतकं अप्रूप वाटलं की त्यानं ते आठवणींत लिहून ठेवलं. दर वेळी नवा चित्ता रानातून धरून आणायचा आणि पहिल्या धड्यापासून सुरुवात.

"आमच्या सुनेचं बी तसंच आहे," काका म्हणाले आणि आतून भांडं आपटल्याचा आवाज आला म्हणून थांबले.

मेळघाटातल्या कोलकासच्या हत्तीणींचं प्रकरण याच जातीचं. हत्ती हजारो वर्षं माणसाच्या पदरी आहे, तरी तो पाळीव झाला नाही. प्रत्येक हत्तीला स्वतंत्रपणे माणसाळावं लागतं. पण एकदा माणसाळला की काय काय शिकतो पाहा. कोलकासला हत्तीणी पर्यटकांना पाठीवर घेऊन रान दाखवतात आणि हिवाळ्यात काही दिवस रीतसर सुटीवर जातात. त्या दिवसांत वनौषधींच्या काढ्यानं त्यांचे पाय शेकतात, त्याला चोपिंग म्हणतात. सफारी बंद, फाटकावर सूचना. आमच्या हापिसात पाय दुखतात म्हणून रजा मागितली तर सर्टिफिकेट आणा म्हणतात. माहुताच्या हाताखाली असतो तर बरं झालं असतं.

नाही माणसाळला तो फक्त बिबट्या. वडाळी-पोहऱ्याचं जंगल अमरावतीला इतकं खेटून आहे की बिबट्या फिरत फिरत गाडगेबाबा विद्यापीठाच्या आवारातही दिसतो. येतो, हिंडतो, जातो. कुणाची भीड नाही, कुणाची ओळख नाही, पानठेल्यावर उभं राहणं नाही. आमचा पुतण्या त्याच विद्यापीठात शिकतो. तो म्हणतो, त्याची हजेरी बिबट्यापेक्षा कमी भरते.

साहेबांच्या तिसऱ्या आणि चौथ्या इंजेक्शनच्या मधल्या रविवारी मला सासुरवाडीला जावं लागलं. सासुरवाडी दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात. मी मूळचा अकोल्याचा, म्हणजे उन्हाच्या बाबतीत वरच्या वर्गातला. अमरावतीच्या लोकांनी मला ऊन शिकवू नये. पण शेतीच्या बाबतीत सासरच्यांनी मला पहिल्यापासून बालवर्गात बसवलेलं. मामाजींकडे भिंगऱ्या नावाचा गोऱ्हा होता, नुकताच दोन दाती झालेला. वेसण घालून झाली होती. आता मृगाच्या आधी त्याला जुवाखाली धरायचं होतं.

मी साहेबांच्या संगतीनं विद्वान झालेलो. म्हटलं, "मामाजी, जनावर प्रेमानं माणसाळवलं पाहिजे. रोज गूळ-ढेप खाऊ घाला, पाठीवरून हात फिरवा, नावानं हाका मारा."

मामाजी म्हणाले, "जवाई, त्याले माणसायवाचं नाही, कामाले लावाचं हाय. माणसायला तं मंग कामच करनार नाही."

या वाक्याची खोली मला त्या वेळी कळली नाही, कारण मी ओंडक्यावर बसत होतो.

गोऱ्हा शिकवायची रीत अशी. नव्या गोऱ्ह्याला एकट्याला कधी जुंपत नाहीत. जोडीला एक जुना, पोक्त, शिकलेला बैल देतात. मामाजींचा पाखऱ्या हा असा बैल. त्याच्या हाताखालून गावातले कितीतरी गोऱ्हे पास झालेले. जुवाला मागं लाकडाचा ओंडका बांधतात आणि मोकळ्या वावरात दोघांना हिंडवतात. माणसाचं यात काम म्हणजे मागून ओरडणं. शिकवतो तो बैल. त्या दिवशी ओंडका हलका भरला, म्हणून मामाजींनी आजूबाजूला वजन शोधलं आणि त्यांची नजर माझ्यावर आली.

"तुमी फक्त बसा जवाई. काही करू नका."

जावयाकडून एवढी माफक अपेक्षा मी आजवर पाहिली नव्हती. मी बसलो. मेच्या अखेरीचं काळं वावर, हात जाईल एवढ्या भेगा, धोंड्याएवढी ढेकळं. सालदारानं "चाल रे" म्हटलं. पाखऱ्या संथपणे एक पाऊल पुढं गेला. भिंगऱ्यानं मान वळवली, मागं ओंडका पाहिला, ओंडक्यावर मला पाहिलं, आणि या प्रकाराला आपली संमती नाही हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. मग तो सुटला. पाखऱ्याला नाइलाजानं सुटावं लागलं. ओंडक्याला तर पर्यायच नव्हता. मी बसण्यापासून लोळण्यापर्यंतचे सगळे प्रकार केले, पण "काही करू नका" असं बजावलेलं असल्यानं ओंडका मात्र सोडला नाही.

"सोडा ना जवाई! सोडा!" मामाजी धुऱ्यावरून ओरडत होते.

"कासरा सोडू?"

"कासरा तुमच्या हातात हायेच कुठी? ओंडका सोडा!"

बायको बांधावर उभी राहून हसत होती. सासूबाई पदराआड हसत होत्या. भिंगऱ्या थांबला तेव्हा माझा सदरा तीन वावरांत वाटला गेला होता. एक बाही तर चुलत सासऱ्यांच्या हद्दीत निघाली आणि तिथून त्यांच्या धुऱ्याचा जुना वाद पुन्हा उकरला गेला.

मी ओट्यावर हळद लावून घेत बसलो आणि पाखऱ्याची शिकवणी बघत राहिलो. आठवडाभर मुक्काम वाढवला होता, कारण बसून प्रवास करता येण्याजोगी परिस्थिती नव्हती. पाखऱ्यानं पहिल्या दिवसांत गोऱ्ह्याला सरळ चालायला शिकवलं, हाक ओळखायला शिकवलं, वळणावर आतल्या बैलानं थांबायचं असतं आणि बाहेरच्यानं पाय उचलायचा असतो, हे शिकवलं. इथवर अभ्यासक्रम. मग पाखऱ्यानं त्याला खरी विद्या दिली. अर्धं पाऊल मागं राहिलं की जुवाचा ओढा जोडीदारावर जातो. तासाच्या शेवटी लघवीला थांबलं की कुणी तुतारी टोचत नाही, आणि हवी तेवढी लघवी लागते. वखर बांधावर दिसला की लंगडायचं. सांजेला गव्हाणीत ढेप पडली की लंगडणं विसरायचं. पाखऱ्याला हे कुणी शिकवलं असेल? त्याचं आयुष्य मामाजींच्या कोठ्यात गेलं. आणि कोठ्याला लागूनच बैठकीची खोली आहे, जिथं मामाजी, त्यांचे भाऊ आणि गावातले चार जण वर्षानुवर्षं कामाची चर्चा करत बसलेले असतात.

बैल माणसाच्या इतक्या जवळ आला, की सरकारलाही पुढं तो ओळखू येईना. जुलै 2011 मध्ये केंद्रानं खेळ-तमाशात वापरायला बंदी असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैलाचं नाव घातलं. यादीतले बाकीचे कोण? वाघ, सिंह, अस्वल, बिबट्या, माकड. हे ऐकून मामाजी कोठ्यात जाऊन पाखऱ्याकडे बराच वेळ बघत उभे राहिले होते, असं सासूबाई सांगतात. मग 2014 च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं शर्यतींवर बंदी आणली आणि आमच्याकडच्या शंकरपटाचे बैल कोठ्यात बसले. तळेगाव दशासरचा शंकरपट म्हणजे आमच्या जिल्ह्याचा जुना लौकिक. धुरकऱ्याच्या हातात कासरे, छातीठोक जोड्या, सेकंदांचा हिशेब. ते सगळं तारखांवर आलं. 2017 मध्ये राज्यानं कायदा बदलला, तो पुन्हा कोर्टात अडकला, 2021 च्या डिसेंबरात शर्यतींना परवानगी मिळाली आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठानं कायद्यावर शिक्कामोर्तब केलं. ज्या जनावराचा खटला इतकी वर्षं चालतो त्याला जंगली कोण म्हणेल? मामाजींचा धुऱ्याचा खटला त्याहून जुना आहे. पण मामाजी पाखऱ्याला कधी कधी कोर्टाच्या गोष्टी सांगतात. तो कान देऊन ऐकतो.

साहेबांची पाच इंजेक्शनं पूर्ण झाली, पाऊस लागला, आणि श्रावण सरता सरता मी त्यांना पोळ्याला सासुरवाडीला घेऊन गेलो. आदल्या दिवशी खांदेमळणी असते. वर्षभर जूं वाहिलेल्या खांद्याला हळद-तूप लावून पळसाच्या पानानं शेकतात आणि बैलाच्या कानाशी सांगतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवायले या."

साहेब कुजबुजले, "तो इथंच राहतो ना? मग निमंत्रण कशाला?"

मामाजींनी ऐकलं. "साहेब, घरातला झाला म्हनून काय झालं? बोलावल्याबिगर कोनी जेवते का?"

साहेब गप्प झाले. मागच्याच महिन्यात एका लग्नाची पत्रिका नुसती टेबलावर ठेवून गेले, तोंडानं 'या' म्हटलं नाही, म्हणून आमचं आख्खं हापीस त्या लग्नाला गेलं नव्हतं. भिंगऱ्यानं आवतन घेतलं. पाखऱ्याला मात्र घाईत सांगायचं राहिलं, तर तो हळद लावलेला खांदा फिरवून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मामाजींना पुन्हा जाऊन रीतसर सांगावं लागलं.

पोळ्याच्या दिवशी गावाबाहेर तोरण बांधतात आणि तोरणाखाली जोड्या उभ्या राहतात. कुणाची जोडी पुढं यावरून दर साली जे व्हायचं ते यंदाही झालं. त्यात बैल शांत होते. झडत्या झाल्या, तोरण तुटलं आणि जोड्या घरोघर निघाल्या. आमच्याकडे पोळ्याला सालदार बैल घेऊन दारोदार जातो. घरची बाई बैलाची पूजा करते, पुरणपोळीचा घास देते आणि सालदाराच्या हातावर बोजारा ठेवते. साहेबांना फोटो काढायचा होता, म्हणून भिंगऱ्याचा कासरा सालदारानं माझ्या हातात दिला आणि पाखऱ्याला घेऊन तो मागं चालला.

पहिल्या दारी भिंगऱ्यानं पुरणपोळी खाल्ली आणि तो जागचा हलेना. मी ओढलं, चुचकारलं. साहेबांनी मागून थोपटलं. तो दार अडवून उभा. घरच्या आजी हसल्या, आत गेल्या आणि दहाची नोट माझ्या हातावर ठेवली. भिंगऱ्यानं नोटेकडे पाहिलं. हलला नाही. आजी पुन्हा आत गेल्या आणि वीसची घेऊन आल्या. भिंगऱ्या निघाला.

"माणसाळला!" साहेब आनंदानं ओरडले. ळ अगदी पुण्याचा, घोटीव.

पुढची सगळी घरं त्यानं याच भावानं केली. सरपंचाच्या दारात पन्नासाखाली तो ऐकायलाच तयार नव्हता. फिरून वाड्यात परत आलो तेव्हा माझा खिसा फुगलेला होता. मी बैल बांधला, पाय धुतले आणि जेवायला आत जायला वळलो, तर दारात सालदार उभा.

"काय गा?" मी विचारलं.

"काही नाही, जवाईबुवा."

तो हलला नाही. मी खिशातून एक नोट काढून त्याच्यापुढं धरली. त्यानं नोटेकडे पाहिलं. हलला नाही. मी आणखी एक काढली. मागं कोठ्यातून भिंगऱ्या मान उंच करून सगळं नीट बघत होता, आणि हे तो कुणाकडून शिकला ते मला त्या वेळी कळलं.

मी खिसा उलटा केला. सालदार बाजूला झाला.